तुटक रेघेवरून वाशीम

पायी भटकंतीची वाट आखायची म्हटली की आम्ही आधी देवळात किंवा टेकडीवर जात नाही, भूमी अभिलेख कार्यालयात जातो. गावनकाशाची प्रत मागायची, ती टेबलावर पसरायची आणि तुटक रेघा शोधायच्या. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग. जुन्या मापाप्रमाणे त्याची रुंदी सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. शेजारी सर्वे ऑफ इंडियाचे नकाशे ठेवायचे. वाशीम, कारंजा, मंगरूळपीर हा मुलूख ५५ एच या मालिकेत येतो. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर या प्रमाणात त्यावर नाले, विहिरी, चढ-उतार, जुनी देवळंसुद्धा दिसतात. एक नकाशा जमिनीचा उतार सांगतो, दुसरा वहिवाटीचा हक्क. दोन्ही जुळले की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं गावच्या पारावर होतं, आणि किस्से सगळे तिथलेच.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातल्या एका गावचा घ्या. नकाशावर दुहेरी तुटक रेघ ठसठशीत होती, शिवारात मात्र तिच्या जागी तूर उभी. पटवाऱ्यांनी सरळ सांगितलं, “कागदावर हाय, जाग्यावर नाई.” दोन्हीकडच्या धुऱ्यांनी वर्षानुवर्षं एकेक तास आत घेतलं आणि पांदण नांगराखाली गेली. पारावरच्या एका आजोबांनी मात्र वाट आहेच म्हणून धरून ठेवलं. “माह्या लग्नाची वरात त्याच पांदणीनं आली होती, छकड्यावर.” समोरच्या ओसरीत तूर पाखडत बसलेल्या आजींनी हातातलं सूप खाली ठेवलं. “त्या वाटेनं नाई आली वरात. नाल्याले अवकाळीचं पाणी आलतं, म्हणून तुमाले वरच्या बरडावरून आणलं होतं.” आजोबा गप्प झाले, मग हसायला लागले. आम्ही नकाशा पुन्हा उघडला. वरचं बरड म्हणजे ई-क्लास, गुरचरणाची सरकारी जमीन. तिथे कुणाचं पीक नाही, चिखल नाही, आणि चालत गेलं की नाल्यापलीकडच्या हेमाडपंती देवळाच्या मागच्या अंगाला माणूस अलगद उतरतो. आज आमची वाट तीच आहे. आजींच्या आठवणीवर आखलेली.

शेतकऱ्याला शेतावर जाण्याच्या वाटेसाठी कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३ आहे, अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. इंग्लंडात सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा असतो आणि त्यावरची वाट कुणाच्या शेतातून गेली तरी तिच्यावरून चालण्याचा हक्क कुणालाही असतो. आपल्याकडे हौसेने चालणाऱ्याला असा हक्क नाही. तो मागून घ्यावा लागतो, दर हंगामात नव्याने. मला ही पद्धत आवडते. मागायला गेल्याशिवाय माणूस ओट्यावर बसत नाही, आणि ओट्यावर बसल्याशिवाय वऱ्हाडातलं गाव बोलत नाही.

हंगामाचं गणितही गावच शिकवतं. पुण्या-मुंबईच्या मंडळींचा फोन हमखास जुलैत येतो, कारण त्यांच्याकडे भटकंती म्हणजे पावसाळा. इथली काळी जमीन भिजली की बुटाला अशी चिकटते की दर पावलाला पाय जड होतो, आणि पेरलेल्या सोयाबीनमधून पाऊल टाकायला कुणी देणार नाही, देऊही नये. दिवाळीच्या सुमारास सोंगणी आणि मळणी. हडंबा चालू असलेल्या शेतात पाहुणा म्हणजे अडचण. पुढे तूर डोक्याएवढी वाढते आणि समोरची टेकडीसुद्धा दिसेनाशी होते. खरी मोकळीक मिळते ती उलंगवाडीनंतर. पीक घरात येतं, शिवार गुरांना खुलं होतं, आणि पाहुण्यालाही. पौष-माघातला तो काळ आमचा. त्यातही एक नियम आम्ही कधी मोडत नाही: दिवस उजाडल्याशिवाय शेतवाटेवर पाऊल नाही. रोही आणि रानडुकरं हरभऱ्यात शिरतात म्हणून रात्री कुंपणाला झटका मशीन लावलेलं असतं. ते बंद झालं की नाही हे शेतमालकाच्या तोंडून ऐकायचं, मगच पुढची माणसं सोडायची.

आता मूळ गोष्ट. वाशीममध्ये पाहायला काय आहे, असं बाहेरचे विचारतात. डोंगरी किल्ला नाही, लेण्यांची रांग नाही. मी त्यांना सांगतो, हा जिल्हा वाटांचा आहे. गोदावरीकडून तापीकडे आणि तापीकडून गोदावरीकडे जाणारा माल, सैन्य, साधू, वारकरी, सगळे या पठारावरून गेले. त्या वाटा पायाखाली आल्याशिवाय इथली देवळं, बाजार, तांडे एकमेकांशी जोडले जात नाहीत.

म्हणून आमच्या पहिल्या वाटेची सुरुवात वाशीम शहरात नसते, शहराच्या उत्तरेला काटा गावाच्या बाजूला असते. आधी ती शहरातूनच सुरू व्हायची. एकदा शाळेची मुलं बरोबर होती. त्यांना वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम, ही वाकाटकांची राजधानी म्हणून पुस्तकातून माहीत होती, आणि पद्मतीर्थ तलावाच्या काठावर उभं राहून एका मुलीने विचारलं, “सर, राजधानी कुठाय?” प्रश्न रास्त होता. दीड हजार वर्षांपूर्वीचा वाडा किंवा तटबंदी दाखवायला इथे काही उभं नाही. त्यांच्या शिक्षकांनी त्या संध्याकाळी वाटेचा क्रमच उलटा करायला सुचवलं. आधी पाणी दाखवू, मग राजधानी.

काट्याजवळ पूस नदी उगम पावते. ती पुसदला आपलं नाव देत पैनगंगेला मिळते, पुढे वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागरात जाते. याच टेकड्यांच्या उत्तर अंगाने निघालेली काटेपूर्णा अकोल्याकडे उतरून पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि ते पाणी सुरतेजवळ अरबी समुद्रात. हे मी मुलांना सांगत होतो तेव्हा शेजारच्या शेतातले काका ओलिताचा पाइप हलवायचं थांबवून जवळ आले. त्यांनी पायानेच मातीत रेघ ओढली. “माह्या वावराचं पाणी दोन्हीकडं जाते. वरच्या अंगाचं अकोल्याले, खालच्या अंगाचं पुसदले. भावाभावात वाटणी झाली तवा धुरा इथंच टाकला.” मुलं त्या धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना उड्या मारत सुटली. बंगालचा उपसागर, अरबी समुद्र, बंगालचा उपसागर! दुसऱ्या दिवशी शहरात पोहोचल्यावर राजधानी कुठाय, हा प्रश्न कुणी विचारला नाही. दोन खोऱ्यांच्या माथ्यावर बसलेल्या राजाला दोन्हीकडचे रस्ते राखता येतात, हे त्यांना पायांनी कळलं होतं.

मग ताम्रपटाची गोष्ट रंगते. १९३९ साली वाशीमलाच विंध्यशक्ती दुसरा या राजाचे ताम्रपट सापडले. राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्महून दिलेलं ते दानपत्र. वंशावळीचा भाग संस्कृतात, दानाच्या व्यवहाराचा भाग प्राकृतात. दान दिलेलं गाव नांदीकट विभागातलं, म्हणजे आजच्या नांदेडकडचं. वाकाटकांच्या याच वत्सगुल्म शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या अखेरीस अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. एक हुकूम दक्षिणेला नांदेडकडे निघालेला, एका मंत्र्याचं धन वायव्येला अजिंठ्याकडे. मधोमध हे शहर. नकाशावर बोट ठेवून हे सांगितलं की सहावीतल्या मुलालाही समजतं.

शहरात सगळ्यांत जास्त वेळ जातो तो मध्यमेश्वराच्या देवळाजवळ. भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा लंकेपासून उज्जयिनीवरून मेरूपर्यंत मानलेली. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने ‘महाभास्करीय’ ग्रंथात या रेषेवरच्या ठिकाणांची यादी दिली, तिच्यात वात्स्यगुल्माचं नाव आहे. वाशीमकरांना याचा मोठा अभिमान, आणि तो योग्यच. एका खेपेला बरोबरच्या तरुण इंजिनिअरने फोन काढून अक्षांश-रेखांश वाचले. वाशीम ७७ अंशांच्या थोडं पुढे, उज्जैन ७५.८ च्या आसपास. “मग रेषा एक कशी?” झालं, देवळासमोर दोन तट पडले. एका ज्येष्ठ गृहस्थांना तो अपमान वाटला.

सोडवणूक केली ती गटातल्या एका निवृत्त गणित शिक्षिकेने. त्यांनी सगळ्यांना खाली बसवलं. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. दोन गावांच्या रेखांशातला फरक काढायचा तर जुन्या ज्योतिषांच्या हातात ग्रहणासारखा साधा प्रसंग: एकच चंद्रग्रहण दोन्हीकडे स्थानिक वेळेने कधी लागलं ते पाहायचं. घटका मोजायची पाण्याच्या घटिकापात्राने. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं. वाशीम आणि उज्जैन यांच्यातला सव्वा-दीड अंश म्हणजे वेळेत पाच-साडेपाच मिनिटं, एका घटकेचा चौथा हिस्साही नाही. “घटिकापात्रावर एवढं चुकणं म्हणजे चूक नव्हे, तेवढं जवळ पोहोचणं हीच करामत,” बाई म्हणाल्या. ते ज्येष्ठ गृहस्थ उठले आणि त्या इंजिनिअर मुलाला चहाला घेऊन गेले. तेव्हापासून मध्यमेश्वरापुढे हा हिशेब आम्ही दर वेळी मांडतो. श्रद्धा आणि मोजमाप यांच्यात भांडण लावून द्यायला आम्ही चालत नाही. दोन्हींना पुरेसा वेळ दिला की भांडण लागतही नाही.

बालाजी मंदिराकडे मात्र आम्ही पहाटेच जातो, गर्दीच्या आधी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी दिवाणपदापर्यंत चढलेल्या भवानी काळूंनी ते बांधलं. त्याच काळात वाशीमचं कापड नावाजलेलं होतं. १७६९ च्या कनकापूरच्या तहात जानोजी भोसल्यांनी पेशव्यांना दर साल पाच हजार रुपयांचं वाशीम-बाळापूरचं कापड द्यायचं ठरलं. बाळापूर अकोल्याकडे, घाट उतरून. ते गठ्ठे ज्या वाटेने जात असतील तिच्या जवळपासची मेडशी-पातूरची घाटवाट आज वाहनांनी भरलेली आहे. म्हणून तिथे आम्ही पायी जाणं टाळतो.

मेडशीपासून शिरपूरपर्यंतची वाट आम्हाला वारकऱ्यांनी आखून दिली असं म्हटलं तरी चालेल. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना पातूर, मेडशी, शिरपूर, रिसोड, सेनगाव अशी जाते. शेकडो माणसं दर साल ज्या मार्गाने चालतात तिथे पाण्याची, सावलीची, मुक्कामाची सोय कुठे, हे गावाला तोंडपाठ असतं. एका गावात शाळेच्या व्हरांड्यात उतरायचं ठरलं. मुक्कामापेक्षा आमची मुख्य काळजी वेगळी होती: निम्म्या बायका होत्या आणि स्वच्छतागृहाची किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि मुख्याध्यापक रविवारी तालुक्याला. भटकंतीचा बेत ठरतो किंवा मोडतो तो अशा किल्लीवर. गावच्या अंगणवाडी ताईंनी विषयच संपवला. “पालखीच्या टायमाले माह्या घरचं न्हाणीघर बायांसाठीच असते. तुम्हीही याच.” तेव्हापासून आमच्या कागदावर प्रत्येक टप्प्यापुढे दोन नोंदी असतात: पाणी कुणाकडे, आणि बायकांची सोय कुणाकडे. दुसरी नोंद भरली नाही तर तो टप्पा आम्ही घेत नाही, देऊळ कितीही देखणं असो.

शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचं गाव. काळ्या पाषाणाची मूर्ती जमिनीपासून किंचित अधांतरी आहे अशी श्रद्धा. दिगंबर आणि श्वेतांबर पंथांतला इथल्या पूजेचा वाद ब्रिटिश काळात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. १९८१ साली मंदिराला कुलूप लागलं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये निघालं. गटात दोन्ही पंथांची माणसं असतात. त्यामुळे निघण्याच्या आदल्या रात्री मी एवढंच सांगतो की या वास्तूचा इतिहास आपण गावाबाहेरच्या जुन्या पवळी मंदिरापासून सुरू करणार आहोत, दगडांपासून, आणि वादाच्या तारखा सांगताना कुणाच्या बाजूने विशेषण लावणार नाही. एकदा चालताना दोन काकांमध्ये या विषयावरून शब्दाला शब्द लागलाच. वाटेवरच्या विहिरीवर थांबलो तेव्हा मालकीणबाईंनी दोघांच्या हातात एकच तांब्या दिला, कारण दुसरा नव्हता. पाणी गाळलेलं आहे ना, हे दोघांनी एकाच वेळी विचारलं. बाईंनी पदर पुढे केला, दोघांनी त्यातून गाळून पाणी घेतलं, आणि पुढची वाट ते बरोबरच चालले.

जुन्या देवळांबाबत आमची एक सक्त सूचना असते: अत्तर नाही, अगरबत्ती नाही, शेकोटी तर नाहीच. शिखराच्या किंवा कोनाड्याच्या पोटाला आग्यामोहोळ असतं. राखणीवरच्या माणसाला आधी विचारायचं, मोहोळ कोणत्या बाजूला आहे, आणि त्या बाजूने जायचं नाही. फोटो हुकला तरी चालेल.

कारंजाची वाट निराळी, तिथे गावच इतकं भरलेलं की शेतात पोहोचायला दुपार होते. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस: चार दिशांचे रस्ते चार वेशींनी बांधलेले. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून दत्तभक्त येतात, जैन मंदिरांतल्या हस्तलिखितांसाठी अभ्यासक. कारंजाच्या ग्रंथभांडारांतल्या पोथ्यांमधून अपभ्रंश काव्यं विसाव्या शतकात पहिल्यांदा छापून जगापुढे आली. आणि कस्तुरीच्या हवेलीची दंतकथा प्रत्येक जण आपल्या परीने सांगतो. कस्तुरी विकायला आलेला व्यापारी गिऱ्हाईक मिळेना म्हणून गावाची थट्टा करायला लागला, तेव्हा इथल्या धनिकाने सगळी कस्तुरी घेऊन बांधकामाच्या गाऱ्यात मिसळली. ही गोष्ट ऐकताना आम्ही कुणालाही मध्ये थांबवत नाही.

कारंजातून मूर्तिजापूरकडे जाताना शकुंतला भेटते. अडीच फुटी रुळांची ही गाडी, मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर. वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाइनीपर्यंत आणि तिथून मुंबईमार्गे मँचेस्टरला पोहोचवायला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ती टाकली. आता गाडी बंद आहे. सगळ्यांना रुळावरून चालायची इच्छा असते; आम्ही परवानगी देत नाही, कारण जमीन रेल्वेची आहे. शेजारच्या गाडवाटेने भडशिवणीच्या दिशेने चालतो. त्या वाटेवर एका रेल्वेतून निवृत्त झालेल्या बाबांना आम्ही गाठतो. गाडी फाटकापाशी थांबायची, माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की पुन्हा उघडून धावत येऊन चढायचा, हे ते उभं राहून, हातवारे करून दाखवतात. त्यांच्या नातवाने विचारलं, “मग उशीर नाई व्हायचा?” बाबा म्हणाले, “उशीर कोणाले? गाडीतली मान्सं आपलीच, फाटकावरचीही आपलीच.”

त्याच तालुक्यातलं कारंजा-सोहोळ अभयारण्य काळविटांचं, जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग त्यातून जातो. वनरक्षकांनी आम्हाला पहिल्याच भेटीत कळप कोणत्या बाजूला पळतात ते समजावलं आणि महामार्गाच्या अंगाकडून चालायला लावलं, म्हणजे बिथरलेला कळप रस्त्यापासून दूर जाईल. तेव्हापासून तिथली वाट आम्ही ठरवत नाही, ते ठरवतात. महामार्गाला दोन्हीकडून कुंपण आहे. तो ओलांडायचा तर खालचा बोगदा गाठायचा. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तीन तालुक्यांतल्या प्रत्येक उत्तर-दक्षिण वाटेवर आधी असा बोगदा शोधावा लागतो, आणि त्यासाठी दोन-तीन किलोमीटरचा वळसा पडला तरी तो घ्यावा लागतो.

मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत आम्ही गट नेत नाही. बंजारा समाजाची ती काशी, सेवालाल महाराजांची समाधी तिथे. लाखो भक्तांच्या दिवसांत हौशी माणसांनी जागा अडवू नये. २०२४ च्या ऑक्टोबरात तिथे बंजारा विरासतीचं ‘नंगारा’ संग्रहालय सुरू झालं. नव्या माणसाने ते आधी पाहावं आणि मग तांड्यांकडे चालत निघावं. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणाऱ्यांची लदेणी रेल्वे आल्यावर संपली, पण वाटांची ओळख घराघरात राहिली. एका तांड्यात नाईकांनी आम्हाला आपल्या आईपुढे बसवलं. आम्ही नकाशा उघडला, त्यांनी तो बाजूला सारला आणि पाण्याच्या नावांनी वाट सांगायला सुरुवात केली: अमुक झिरा, तमुक कुंड, पुढे चिंचेखालची विहीर. एका बैलाचं पाणी संपायच्या आत दुसरं पाणी यायला हवं, हाच त्यांचा मैलाचा दगड. आमच्यातल्या एकाने ती ठिकाणं नकाशावर खुणावली. गावनकाशावर तिथे तुटक रेघ नव्हती, पण नाल्यांच्या माथ्यामाथ्याने, चढ टाळत, ती वाट एका ओळीत उमटली. त्यातल्या दोन विहिरी बुजल्यात. बाकीच्या पाण्याची खात्री करायला आम्ही उन्हाळ्यात पुन्हा जाणार आहोत, कारण उन्हाळ्यात असलेलं पाणीच माघात भरवशाचं.

येत्या हंगामात वाशीमहून दक्षिणेकडे पैनगंगेच्या काठापर्यंतचा टप्पा घ्यायचा ठरलंय, ताम्रपटातलं दान ज्या दिशेला गेलं त्या दिशेचा. धुऱ्यांवरून तीन शेतकऱ्यांचा होकार आलाय, चौथ्याचा हरभरा निघाल्यावर येईल. नदीच्या अलीकडच्या गावच्या पोलीस पाटलांचा परवा फोन आला. त्यांनी माणसं किती, बायका किती हे लिहून घेतलं, शाळेची किल्ली आदल्या दिवशीच आणून ठेवतो म्हणाले, आणि विचारलं, रोडगे-वरण करायचं की भाकरी-वांग्याची भाजी. आम्ही रोडगे सांगितलेत. गोवऱ्या आतापासून लावून ठेवतो, म्हणाले.